सहा रिकाम्या बरण्या

ल्युएलाच्या तळघरात पीचच्या दोनशे भरलेल्या बरण्या आणि दारावर इंग्रजी पाटी, 'गार्नर'. "मूळ अर्थ धान्याचं कोठार गं, ओपल. गोळा करणं हा अर्थ मागून आला," असं ही निवृत्त मास्तरीण मलाच शिकवते. नुसता जळफळाट होतो माझा!

आमच्या गावात कुणाला पीच भेट दिले, की देणारीच्या नावाची रिकामी बरणी चर्चच्या टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी परत येते. ल्युएलाची तिथे कधीच दिसली नाही. यंदा मात्र माझ्या सहा गायब. एवढं साठवूनही हिचं पोट भरत नाही?

ती कॉफी करतेय तोवर मी तळघरात घुसले. पुढच्याच फळीवर सापडल्या माझ्या सहाही, रिकाम्याच.



माझं नाव अर्धवट खरवडून तिनं वर चिठ्ठ्या डकवल्या होत्या: 'ल्युएलाकडून, प्रेमानं.'