पेटीचा सूर

वाळवी लागलेली बाजाची पेटी घेऊन कुमुदिनी कर्णिक गुणबदल केंद्रात आल्या. तिथे एका वस्तूचा गुण काढून दुसरीत घालून देत. तंत्रज्ञाने जुन्या पेटीचा सूर नव्या पेटीत उतरवला. कुमुदिनीबाईंनी वाजवून पाहिलं. सूर अगदी तोच होता. जुनी पेटी मात्र मुकी झाली होती.

"आता एकच राहिलं," त्या म्हणाल्या. "आमचे हे जाईपर्यंत चाळीस वर्षं जुनीच वाजवायचे. तेवढं नवीत घाला."

"काकू, तो पेटीतला गुण नाही. ते घडून गेलंय. ते काढता येत नाही."

नवी पेटी तिथेच ठेवून कुमुदिनीबाई मुकी पेटी घरी घेऊन आल्या. संध्याकाळी त्यांनी भाता हलवला. नुसती हवा आली. त्या बराच वेळ हलवत राहिल्या.