मामांचं सीताफळ

खोडाला नुसता हात लावला, तर अख्खं झाड उपटून धनश्रीच्या हातात आलं.

कमरेएवढं सीताफळ. चार दिवसांपासून पानं पिवळी पडत होती, तिला वाटलं पाणी कमी पडतंय. आता बघते तर खाली मुळंच नाहीत, नुसता बोडका सोट. आणि मातीत अंगाची मुटकुळी करून पडलेल्या पांढऱ्या, जाडजूड अळ्या. हुमणी.

धनश्री झाड हातात घेऊन तिथेच बसली. दुसरं कुठलं झाड असतं तर तिने चार शिव्या हासडून ते चुलीत घातलं असतं. पण या झाडाखाली तिच्या सासऱ्याची, सटवाची, रक्षा होती.

सटवाचा उभा जन्म ऊसतोडीत गेला. दरवर्षी दसरा झाला की शिरूरचं घर बंद आणि बिऱ्हाड कारखान्याच्या वाटेला. शेवटच्या दुखण्यात त्याने लेकाला नाही, सुनेला जवळ बोलावलं. "जल्मभर हिंडलो, पोरी. आता मला गंगेत सोडू नगा. परसात एक झाड लावा अन् त्याच्या बुडाशी ठिवा. एका जागी ऱ्हाऊ द्या." गोदावरीला तो गंगाच म्हणायचा.

भावकीत गहजब झाला. सासूचा भाऊ हनुमान तर हमरीतुमरीवर आला. रक्षा गंगेत गेली नाही तर माणसाला गती मिळत नाही, म्हणाला. धनश्री हटली नाही. तिचा नवरा अंगदही तिच्या बाजूने उभा राहिला. रक्षेचं गाडगं रात्री दारच्या लिंबाला टांगलं आणि सकाळी साखराबाईने, सासूने, आपल्या हाताने ते खड्ड्यात रिकामं केलं. हनुमान तेवढ्यालाही थांबला नाही. पहाटेच, चहासुद्धा न घेता, मोटारसायकल काढून निघून गेला. रुसला, असं सगळे म्हणाले.

त्याला दोन वर्षं झाली. साखराबाई रोज सकाळी चहा घेऊन झाडापाशी बसायची. पहिली बशी बुडाशी ओतायची, हात जोडून पुटपुटायची, "चुकलं मालक, पदरात घ्या." नवरा गेल्यावर बाईला जुनं काय काय आठवत असेल, असं वाटून धनश्री तिकडे फिरकायची नाही.

आता सासू आष्टीला लेकीकडे गेली होती, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. पंधरा दिवसांत लख्ख डोळे घेऊन येणार होती.

शिरूरच्या खताच्या दुकानात धनश्रीने कागदात बांधून एक अळी नेली. दुकानदाराने पुडी उघडून लगेच मिटली.

"शेण घातलं व्हतं का झाडाला?"

"व्हय. औंदा जरा जोर धरावा म्हणून दोन पाट्या घातल्या."

"कुजलेलं का ताजं?"

"ताजंच."

"मग हुमणी तुमीच घरी आणली की, ताई. शेणखत चांगलं कुजवून टाकावं लागतं."

त्याने दाणेदार औषधाचा पुडा पुढे सरकवला. जालीम होतं, एका झटक्यात काम. धनश्रीचा हात पुढे होईना. सासऱ्याच्या अंगावर विष कसं टाकायचं? शेवटी ती निंबोळी पेंड आणि अळीवर वाढणाऱ्या बुरशीची पावडर घेऊन आली.

मग तिने खड्डा उकरला. माती मूठमूठ चाळली, एकेक अळी वेचून कोंबड्यांपुढे टाकली. या अळ्यांनी नेमकं काय काय खाल्लं असेल, हा विचार मनातून जाईना. तळाशी एक जळकं काटूक सापडलं, करंगळीएवढं, कापसाच्या पऱ्हाटीचं. सरणातलं असणार. तिने ते कपाळाला लावलं आणि होतं तिथेच ठेवलं. "मामा, माझ्या हातनं झालं," ती पुटपुटली.

नर्सरीतून तिने तेवढ्याच उंचीचं सीताफळ आणलं. पेंड आणि पावडर मातीत मिसळून ते लावलं. जुन्या झाडाला बांधलेली सटवाच्या पटक्याची चिंधी सोडून नव्याला बांधली. अंगद म्हणाला, "गप ऱ्हा आता. आईला कळलं तर ती हाय खाईल."

साखराबाई आली ती काळा चष्मा लावून. दुसऱ्याच दिवशी चहा घेऊन झाडापाशी बसली. पानांवरून हात फिरवला. चिंधी चाचपली. बशी ओतली आणि हात जोडले, "चुकलं मालक."

नर्सरीतल्या रोपापुढे म्हातारी रोज हात जोडत होती. रोज सकाळी धनश्री ठरवायची, आज सांगायचं, आणि रोज भांडी घासत बसायची.

दसरा झाला. धनश्री-अंगदला ऊसतोडीला न्यायला कारखान्याची गाडी उद्या येणार होती. सासूला असं फसवून सहा महिने दूर जायचं तिच्या जिवावर आलं. ती परसात गेली आणि साखराबाईच्या पायांशी बसली.

"आत्या, मला मारा, पर बोलू द्या. ह्ये झाड मामांचं न्हाई." आणि तिने सगळं सांगितलं. ताजं शेण, हुमणी, नर्सरी, चिंधी. "मामा एकच मागून गेले, अन् मी त्येबी नीट सांभाळलं न्हाई. लई पाप झालं माझ्या हातनं."

साखराबाईने चष्मा काढला. डोळ्यांना हात लावायचा नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं, तरी पदराने डोळे पुसले आणि सुनेचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

"तुझ्या हातनं नुसतं झाड गेलं, पोरी," ती म्हणाली. "मालकाला तर हनुमान त्याच पहाटे गंगेत सोडून आला. ह्या खड्ड्यात मी चुलीतली राख ओतलीती."