ओरडा खायचे पैसे

"अगं सगुणा, शिकायची टोपी घाल. चहा उकळेपर्यंत मोटार-वायंडिंग डोक्यात उतरेल, फी कंपनी देईल," ढमाले साहेब वैतागले. "तू म्हणतेस तो वर्गातला कोर्स बसत नाही नियमात."

"टोपीनं ढीगभर शिकले, साहेब. पण कुणी शिकवलं विचारलं, तर सांगायला एक नाव नाही. शाळेतल्या साठेबाईंचं ओरडणं मात्र अजून कानात आहे."

"ओरडा खायचे पैसे कंपनी देत नाही!"

सगुणा तडक उठून वायंडिंगच्या वर्गावर गेली. विद्यार्थीच नाहीत म्हणून गुरव मास्तर गावातला शेवटचा वर्ग आज बंद करणार होते. तिनं पदरची फी भरली आणि पहिल्याच तारेचा गुंता केला.

"डोळे कुठं आहेत गं? सोडव सगळं, पुन्हा गुंडाळ!" मास्तर ओरडले.

सगुणानं सगळी तार सोडवली. किती वर्षांनी तिला कुणीतरी चुकू दिलं होतं.