पडलेला बाजार

“सगळे पैसे शेअर बाजाराच्या फंडांत? उद्या बाजार पडला तर घरचे बोलतील,” सल्लागार कारखानीसबाई म्हणाल्या.

“बोलायला घरी कोणी नाही,” श्रीरंग म्हणाला. आई गेल्यापासून तो नाशिकच्या फ्लॅटमध्ये एकटाच राहत होता. वय सत्तावीस, निवृत्ती खूप लांब. म्हणून बाईंनी जोखमीचे स्मॉल कॅप, मिड कॅप फंड निवडून दिले.

मार्चमध्ये बाजार कोसळला. रविवारी दुपारी बाईंचा फोन आला. “घाबरून काही विकू नकोस हं. तुझ्याकडे भरपूर वेळ आहे.”

श्रीरंग घाबरला नव्हताच. पण शुक्रवारी ऑफिस सुटल्यापासून तो कोणाशी शब्दही बोलला नव्हता. घसा खाकरून त्याने विचारलं, “आणखी पडला तर?” बाई समजावत राहिल्या. उत्तरं ठाऊक असूनही तो विचारत राहिला.

त्या आठवड्यात बाजार सावरला. ऑफिसात सगळ्यांना हायसं वाटलं. श्रीरंगला मात्र बाईंना फोन करायला कारणच उरलं नाही.

शनिवारी त्याने तरीही नंबर लावला. “बाई, काम काहीच नव्हतं...”

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. “बरं झालं,” त्या म्हणाल्या. “बोल.”