देवीपुढची सुई

"शून्य," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आवडाबाईंनी सुनेकडे पाहिलं. लग्नाला पाच वर्षं झाली तरी घरात पाळणा नाही, दोष हेमालीचाच, हे त्या गावभर सांगून दमल्या होत्या. आज ते अलिबागच्या डॉक्टरांच्या तोंडून निघालं. खाली हेमालीचा भाऊ रघू रिक्षा घेऊन उभा होता. त्याला आवडाबाईंनीच बोलावलं होतं. निकाल लागला की पोरीनं परस्पर माहेरची वाट धरायची, असं त्यांनी निघतानाच बजावलं होतं. हेमाली काही बोलली नव्हती. ती कधीच काही बोलत नसे.

"हिचं सगळं ठीक आहे, मावशी. शून्य आलंय ते तुमच्या मुलाचं. वीर्यात बीजच नाही."

आवडाबाईंना आधी हसू फुटलं. त्यांचा विनेश! काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांची बोट वाळूवरून एकटा ओढणारा, शरीरसौष्ठव स्पर्धेत तालुक्यात पहिला आलेला. दवाखान्याच्या खुर्चीत मावत नव्हता बिचारा.

"बाई, जरा नीट बघा. ह्याचे दंड बघा. असल्या गड्याला पोर व्हनार न्हाय?"

डॉक्टरबाई दंडच बघत होत्या. "इंजेक्शन घेतोस?" त्यांनी विनेशला विचारलं.

विनेशची मान खाली गेली. "टेस्टोस्टेरॉन. लग्नाच्या आधीपासून जिमवाला आणून देतो. व्यायाम करून करून अंग एका जागी अडकलं होतं, वाढतच नव्हतं." मग तो घाईनं म्हणाला, "पण ते तर पुरुषाचंच असतं ना, बाई?"

"असतं की. तुझ्या अंगातही होतं, आणि व्यायाम करून अंग कमवायला तेवढं पुरलं असतं. पण बाहेरून आयतं यायला लागलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. आणि ते थांबलं की बीज तयार होणंही थांबतं. दंड वाढले, वंश थांबला. स्वतःच टोचून घेतोस का?"

विनेशनं आईकडे पाहिलं.

विनेश सुईला घाबरायचा. सरकारी दवाखान्यात नर्सबाईंच्या हाताखाली उमर काढलेल्या आवडाबाईच त्याला दर मंगळवारी टोचत. ताकदीची सुई म्हणून आधी बाटली देवीपुढे ठेवायच्या, तिला हळदकुंकू वाहायच्या, "आई, नातू दे" म्हणून पदर पसरायच्या आणि मगच सुई भरायच्या. नातू काही येईना. तेव्हा गड्यातच ताकद कमी पडत असेल, या विचारानं एकाच्या दोन सुया त्यांनीच केल्या होत्या. हे त्यांनी बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. बाहेर त्या फक्त सुनेला वांझ म्हणत.

हेमालीला मात्र या सुया ठाऊक होत्या. देवीपुढे दिवा तीच लावायची. ती आता सासूकडे बघत होती. ही आता तोंड उघडणार. पाच वर्षांचं सगळं व्याजासकट काढणार. त्या वाट बघत राहिल्या. हेमाली गप्पच होती. शेवटी ती शांतताच त्यांना सोसवेना.

"मी टोचते," त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. इंजेक्शन बंद करायचं, औषधं त्या देतील, बऱ्याच जणांचं बीज परत येतं, पण वर्षभरही लागू शकतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. विनेश लहान पोरासारखा रडायला लागला.

आवडाबाईंनी सुनेचा हात धरला. त्यांना खरोखरच भडभडून आलं होतं. "चुकलं माझं, पोरी. मी रघूला माघारी पाठवते. तू घरी चल. वर्षाची तर गोष्ट हाय."

हेमालीनं हात हळूच सोडवून घेतला. सासूच्या डोळ्यांत डोळे घालून ती पहिल्यांदाच बोलली.

"रघूला थांबू द्या, आई. दोष माझ्यात हाय असं वाटत होतं, म्हणून तर मी इतकी वर्षं तुमच्या घरात ऱ्हायले."