हिचा कप वेगळा

"आजपण कडूच आहे," ताई कपातल्या कपात पुटपुटली.

ऐकलं सगळ्यांनी. धाकट्या भावाने पेपर आणखी वर धरला. भावजय मघाच लागलेलं डब्याचं झाकण पुन्हा दाबत बसली. उत्तर आईनेच दिलं, नेहमीचं.

"तुला तसं वाटतं गं. चांगली दोन चमचे साखर घातलीय."

तिथेच तर पाणी मुरत होतं. याच घरात ताईने चमचाभर साखर मागितली, तरी आई तिला शुगरवर भाषण द्यायची. आता न मागता दोन?

'तुला तसं वाटतं' हे ताईने इतक्यांदा ऐकलं होतं, की घरातली माणसं मोजताना त्यालाही धरायला हरकत नव्हती. बरं, ते खोटंही नसायचं. भिंतीपलीकडचे शेजारी तिच्याविषयी बोलत नव्हते, तिला वाटत होतं. बटणवाला तिला मुद्दाम फुटकी बटणं देत नव्हता, तेही वाटतच होतं. हॉस्पिटलातून परत आल्यावर तिने हे एकेक करून कबूल केलं होतं. आपल्याच डोक्याविरुद्ध साक्ष द्यायची म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं, "शंका आली की भांडू नका, गिळूही नका. तपासा."

ताई तपासत होती. शर्टांची काजं-बटणं करणाऱ्या बाईची नजर बारीक असतेच. आईच्या कपातला चहा तिने गुपचूप चाखला होता. गोड. भावजयीचा, गोड. हिचा तेवढा वर गोड नि तळाला कडू. बाकीच्यांचे कप ट्रेमधून यायचे, हिचा आई जातीने हातात आणून द्यायची आणि संपेपर्यंत समोरून हलायची नाही. शिवाय हे सगळं सुरू झालं ते गोळ्या बंद झाल्यापासून. त्याआधी रोज सकाळी गोळीवरून दोघींचं रणकंदन व्हायचं. मग एक दिवस आई एकटीच डॉक्टरांना विचारून आली, म्हणे, आणि गोळ्या बंद झाल्या. घर कसं शांत झालं.

चहा खरंच कडू असेल तर ताईची काही तक्रार नव्हती. तो कडू नसेल, तर मात्र सगळं पहिल्यापासून सुरू झालं होतं. तर मग परत बॅग भरायची, परत तो लांबलचक वॉर्ड.

तिने आपला कप टेबलावरून भावापुढे सरकवला.

"गुंड्या, तू हा घे. मला तुझा दे."

गुंड्या शाळेची बस चालवायचा. गणवेश चढवून तयारच बसला होता. त्याने आईकडे पाहिलं, आईने सुनेकडे, सुनेने झाकणाकडे.

"काय पोरकटपणा लावलायस, ताई? तुझा काय नि माझा काय, एकाच पातेल्यातला चहा."

"मग घे की."

"गार झालाय तो."

"वाफ निघतेय. का मला तसं वाटतंय?"

भावजय फस्सकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवून ओट्याकडे वळली.

"ताई, उशीर होतोय मला."

"एक घोट. मग जा."

भावाने कप उचलला. त्याची नजर पाहिली आणि ताईला कळून चुकलं. हा पिणार. तोंड वाकडं न करता पिणार, वर मिशी पुसून 'झकास' म्हणणार. मग ती कुणाला काय सांगणार होती? स्वतःलासुद्धा?

त्याने कप ओठांना लावला.

"ठेव तो खाली!" आई एवढ्या मोठ्याने ओरडली, की कप बशीवर आदळला. "गाडीभर पोरं घेऊन जायचंय तुला!"

चहा टेबलावर सांडला, पसरत कडेला गेला, खाली ठिबकू लागला. फडकं घ्यायला कुणी उठलं नाही.

"का गं आई?" ताईने विचारलं. आवाज इतका मऊ, की भावजयीने वळून पाहिलं. ताई चिडली नव्हती. ती टेबलाची कड घट्ट धरून निकाल ऐकायला आल्यासारखी उभी होती.

आईने खुर्ची ओढली, पण बसली नाही.

"गोळी घालते मी त्यात," ती म्हणाली. "कुटून. तू तोंड धुवायला गेलीस की."