नवा कोरा

विजयमालानं कंप्युटरला हळदकुंकू लावलं, अगरबत्ती ओवाळली आणि नारळ भावाच्या हातात दिला. "दादा, तू फोड. तूच आणलायस."

"आधी चालू करून दाखवतो, मग फोडू की," धनाजी म्हणाला.

"असं कुठं असतं व्हय? आधी नारळ."

आता नारळ फोडायचा म्हणजे दारातल्या दगडापर्यंत जायचं, आणि कंप्युटरपासनं लांब गेलं की मेलंच. बहिणीच्या सासरची, कुंडलची निम्मी गल्ली सोप्यात गोळा झालेली. मेव्हणे बाळासो शेजाऱ्यांच्या खुर्च्या मागून आणत होते. एका कंप्युटरसाठी एवढी जत्रा भरवायची काय गरज होती, असं धनाजीच्या ओठावर आलं होतं. पण बोलणार कुठल्या तोंडानं?

कोरेगावच्या बागायतीतला आपला हिस्सा विजयमालानं गेल्या साली हसत हसत भावाला सोडला. बदल्यात मागितलं काय, तर "माझ्या सोनीला एक नवा कंप्युटर घिऊन दे." "नवा कोरा आणतो," धनाजीनं छाती फुगवून सांगितलं. आणि आणला काय, तर माळ्यावर पडलेला, त्याच्याच लेकाचा, ऋषिराजचा जुना. जुनी विंडोज. चालू करून माणूस उसाला पाणी पाजून आला तरी हे आपलं पडद्यावर गोल गोल फिरतंय. साताऱ्यातल्या एका दुकानदारानं विंडोजला हात न लावता त्याच डिस्कवर शेजारी लिनक्स नावाची दुसरी, हलकी सिस्टीम टाकून दिली. म्हातारा बैल शर्यतीला पळायला लागला. धनाजीनं डबा पुसून चकाचक केला, नवा माउस जोडला आणि दुकानदाराकडनंच मागून घेतलेल्या कोऱ्या खोक्यात सगळं भरलं.

दुकानदारानं एकच बजावलं होतं. चालू करताना काळ्या पडद्यावर दोन ओळी येतील. वरची विंडोज, खालची लिनक्स. आकडे संपायच्या आत बाणाचं बटण दाबून खालची निवडायची आणि एंटर मारायचा. न्हाई निवडली, तर जुनंच आपोआप चालू होईल. आणि जुन्यात पहिल्याच पडद्यावर ऋषिराज बसला होता. मोटरसायकलवर, काळा चष्मा लावून. तेवढं पुसून घ्यायचं धनाजीला सुचलंच नाही. फसवायची घाई असली की असंच होतं.

तो नारळ घेऊन कसाबसा दारापर्यंत पोचला, तोवर आतनं विजयमालाचा आवाज आला. "सोने, दाब गं बटण!"

"थांब, थांब, मी आलो—"

सोनियानं बटण दाबलंसुद्धा.

पडदा काळा झाला. दोन ओळी आल्या आणि त्यांच्याखाली आकडे उलटे मोजायला लागले. मधे बायका, पोरं, खुर्च्या. धनाजी दारातच अडकला. आत्ता विजयमाला भाच्याचं तोंड ओळखणार, तेही सगळ्या गल्लीसमोर. जमीन घेतली आणि अडगळ दिली, हे कुणाला सांगावंसुद्धा लागणार नव्हतं.

"सोने, खालचा बाण, मग एंटर!" तो ओरडला. आवाज असा चिरकला की बायका खुदकन हसल्या.

सोनियानं मान वळवून मामाकडं बघितलं. मग बाण दाबला आणि एंटर मारला. जरा वेळानं पडद्यावर निळं आभाळ उघडलं.

"आगं बया, लगीच!" कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. धनाजीनं नारळ दगडावर असा आपटला की निम्मं पाणी त्याच्याच विजारीवर उडालं.

माणसं अंगणात चहाला बसली. त्यांच्या गप्पांतनं सुटून धनाजी आत आला, तोवर अर्धा तास गेला. सोनिया एकटीच कंप्युटरपुढं होती.

"हे बघ, ती वरची ओळ कवाच उघडायची न्हाई," तो म्हणाला. "ती... कंपनीची असती."

"उघडली मी, मामा."

तिनं पडदा त्याच्याकडं वळवला.

"तुमी च्या पीत होता तवा. ऋषिदादा हाय त्यात, चष्मा घालून." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर धनाजीला दोन शब्द तरी बोलता आले असते. "जुना हाय म्हणून सांगून आणला असता, तरी मी नाचले असते की. आमच्या घरात कुठं व्हता कंप्युटर?"

धनाजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पन्नाशीला आलेला बाप्या, आणि त्याला भाचीकडं बघवेना. लय लाज वाटली. एवढी लाज त्याला जमिनीच्या कागदावर बहिणीची सही घेतानाही वाटली नव्हती.

"आईला न्हाई सांगत मी," सोनिया हळूच म्हणाली. "पर ते वरचं कायमचं कसं काढायचं, तेवढं दावा. कवातरी तिच्या हातनं चालू हुईल, आन् तिला दिसंल."

ते धनाजीला कुठलं येतंय? "दुकानदाराला इचारतो," तो पुटपुटला.

तेवढ्यात विजयमाला ताट घेऊन आत आली. ताटात टावेल आणि टोपी. "बस दादा, पाटावर."

"आगं, कशाला हे..."

"गप बस. तसाच लावून दिऊ व्हय तुला?" तिनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, टावेलाची घडी मोडून खांद्यावर टाकली. "आन् आहेरात आलेला फिरवत न्हाई हं मी. बाळासोंनी पलूसात्नं मुद्दाम नवा आणलाय. भावाला जुनं कसं दिऊ?"

आईची पाठ होती तोवरच सोनियानं हात लांब करून ऋषिराजचा पडदा बंद केला.

विजयमाला टोपी घालायला वाकली तशी धनाजीनं मान खाली घातली. टोपी घालून झाली, ती उठून ताट ठेवायला गेली, तरी त्याला ती मान वर करायचं सुधरंना.